डेझर्ट मेरीगोल्ड दर पावसाळ्यात बुडातून का सडतं? नाशिककरांसाठी निदान आणि उपाय

मार्चपासून मेअखेरपर्यंत पिवळ्याधमक फुलांनी डवरलेलं डेझर्ट मेरीगोल्ड मृगाच्या सरींवर आठवडाभर तरारतं. मग तरणा पाऊस लागतो, खालची पानं काळपट, लिबलिबीत होतात आणि म्हातारा पाऊस यायच्या आत सगळं झाड कुंडीच्या काठावर मान टाकतं. इंदिरानगरची गच्ची असो, गंगापूर रोडचा बंगला असो की सिडकोतल्या खिडकीची ग्रिल, तक्रार एकच आणि महिनाही तोच. पुढच्या वर्षी पुन्हा बी, पुन्हा कुंडी, पुन्हा जुलै.

‘वाळवंटातलं झाड आहे, त्याला पाऊस कसा सोसेल?’ असं म्हणून विषय संपवला जातो. पण हे झाड जिथलं आहे तिथेही पावसाळा असतो. बेलिया मल्टिरेडिएटा हे त्याचं शास्त्रीय नाव. सूर्यफुलाच्या कुळातलं, म्हणजे आपल्या झेंडू-शेवंतीचं आणि रस्त्याकडेच्या एकदांडीचं दूरचं भावंडच. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि उत्तर मेक्सिको हे त्याचं घर. मोहावे, सोनोरा आणि चिवावा अशा तिन्ही वाळवंटांत ते रानोमाळ उगवतं. अ‍ॅरिझोनात उन्हाळी पावसाला मान्सूनच म्हणतात आणि तिथलं हवामान खातं १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा हंगाम धरतं. तारखा जवळजवळ आपल्याच. त्या सरींनंतर हे फूल तिकडे नव्या जोमानं फुलतं.

फरक आहे तो पाऊस पडून गेल्यावर काय होतं यात. फिनिक्स शहरात वर्षाचा पाऊस २०० मिलिमीटरच्या आसपास, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, आणि आपला बहुतेक सगळा चार महिन्यांत. तिकडे संध्याकाळी ढगफुटीसारखी सर येते, अर्ध्या तासात संपते, आणि झाड उभं असतं रस्त्याकडेच्या खडीत किंवा कोरड्या ओढ्याच्या वाळूत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वरचा थर खडखडीत. आपल्याकडे आठ-आठ दिवस झड लागते, ऊन दिसत नाही, कुंडीत काळी माती किंवा कोकोपीट, आणि झाडाचा गळा दिवसरात्र ओला. गळा म्हणजे पानांचा झुबका आणि सोटमूळ जिथे जुळतात ती जागा. हे झाड मरतं ते गळ्याशी थांबलेल्या पाण्यानं. पुढचे सगळे उपाय या एका गोष्टीभोवती आहेत.

कोमेजलं म्हणजे तहानलं, असं नाही

सकाळी पानं लोंबलेली दिसली की पहिला हात झारीकडे जातो. थांबा. बोट दोन पेरं मातीत घाला, शक्य असेल तर कुंडी उचलून वजन बघा. माती कोरडी आणि कुंडी हलकी असेल तर झाड खरंच तहानलंय. पाणी द्या, संध्याकाळपर्यंत उभं राहील. माती ओली, कुंडी जड आणि तरी झाड कोमेजलेलं, तर मुळं पाणी ओढायची थांबली आहेत. अशा वेळी घातलेला प्रत्येक तांब्या त्याला आणखी खाली ढकलतो.

मग गळ्याजवळची माती बोटानं बाजूला करा. सोटमूळ चिमटीत धरून दाबा. टणक लागलं आणि नखानं खरवडल्यावर आत पांढरट दिसलं तर वेळ आहे. मऊ लागलं, साल निसटून हातात आली आणि आत नुसता दोरा राहिला, तर ती पिथियम किंवा फायटोप्थोरा गटातली मूळकूज. द्राक्षावरचा केवडा हा रोग ज्या मोठ्या गटात मोडतो, त्याच गटातले हे जीव. त्यांचे बीजाणू साठलेल्या पाण्यातून अक्षरशः पोहत जातात. नाशिकच्या बागायतदाराला यापुढे काही समजावायची गरज नाही. सलग ओलावा मिळाला की काय होतं हे त्यानं पानावर पाहिलेलं असतं, इथे तोच प्रकार मुळावर होतो.

दुसरा प्रकार ओळखायला सोपा. बुडाशी पांढरी, रेशमासारखी बुरशी पसरलेली आणि तिच्यात मोहरीएवढे पांढरे, नंतर तपकिरी होत जाणारे दाणे. ही स्क्लेरोशियमची खोडकूज. भुईमुगात, टोमॅटोत, मिरचीतही हीच येते, त्यामुळे शेतातली माती आणून कुंडी भरली असेल तर ती सोबत आलेली असू शकते. ते दाणे म्हणजे तिचं बियाणंच. मातीत वर्षानुवर्षं टिकतात. अशी माती दुसऱ्या कुंडीत घालू नका, कंपोस्टातही नको.

फुलोऱ्यानंतर मे-जूनमध्ये तळाची दोन-चार पानं कोरडी होऊन कुरकुरीत तपकिरी होतात. ते वय झाल्याचं लक्षण. झाड मुळातच अल्पायुषी आहे, त्याच्या स्वतःच्या वाळवंटातही ते काही वर्षांपलीकडे जात नाही. कोरडं तपकिरी पान काढून टाका आणि विसरा. ओलं काळं पान दिसलं तरच काळजी करा.

पांढरं दिसलं म्हणून गंधक मारू नका

नाशिकमध्येच जास्त दिसणारी ही गफलत आहे. डेझर्ट मेरीगोल्डच्या पानांवर आणि देठांवर दाट पांढरी लव असते, त्यामुळे अख्खं झाड करडं-चंदेरी दिसतं. द्राक्षाच्या घरात वाढलेल्या डोळ्याला ती भुरी, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग, वाटते आणि लगेच गंधकाची फवारणी होते. भुरी नसतेच, त्यामुळे फायदा शून्य, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात गंधक मारलं तर पानं करपतात ती वेगळीच.

पान अंगठ्यानं चोळून बघा. भुरी असेल तर पांढरी पूड बोटाला लागते आणि खाली हिरवं पान उघडं पडतं. लव असेल तर बोट कोरडं राहतं, पान फार तर जरा दबतं. शिवाय लव सगळीकडे सारखी असते, भुरीचे ठिपके असतात.

खरा पांढरा शत्रू वेगळा आहे: पिठ्या ढेकूण. तो या लवेत इतका बेमालूम लपतो की मुंग्यांची रांग दिसेपर्यंत कळत नाही. पानांच्या बेचक्यात कापसाचे पुंजके दिसले आणि मुंग्या वर-खाली करत असल्या, तर तोच. कान साफ करायच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पुंजका पुसून काढा. निंबोळी तेलाची फवारणी या झाडावर मी टाळतो. लवेत तेल अडकून राहतं आणि उन्हात पान भाजतं.

कुंडीतली माती: सगळा खेळ इथेच

नाशिकची काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून आलेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि कणांमधल्या फटी बंद करते. उन्हाळ्यात भेगा पडतात म्हणून ती निचऱ्याची वाटते. पावसाळ्यात तीच घट्ट लोणी होते. भागवायचं म्हणून लोक तिच्यात निम्मं कोकोपीट आणि चांगलं दोन घमेली शेणखत मिसळतात. गुलाबाला हे मिश्रण ठीक आहे. या झाडाला ते जुलैत मारणारच, कारण कोकोपीट पाणी धरून ठेवण्यासाठीच विकलं जातं.

माझं मिश्रण असं: दोन भाग चाळलेला मुरूम किंवा धुतलेली कच, एक भाग जाड वाळू, एक भाग पोयटा किंवा लाल माती. जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत कुंडीमागे एक मूठ. कोकोपीट अजिबात नाही. चुनखडीयुक्त, जरा अल्कधर्मी माती याला चालते, त्यामुळे बोअरचं जड पाणी असलं तरी घाबरू नका. कुंडीच्या काठावर क्षारांची पांढरी रेघ फार जमली, तर उन्हाळ्यात एकदा भरपूर पाणी घालून ते खालून वाहून जाऊ द्या, एवढंच.

कचेबद्दल एक सावधगिरी. क्रशरवरून आणलेल्या कचेत दगडाची बारीक पूड असते. ती तशीच वापरली तर दोन पाण्यांत कुंडीत सिमेंट केल्यासारखा थर बसतो आणि निचरा आधीपेक्षा वाईट होतो. चहाच्या गाळण्याच्या जाळीएवढ्या बारीक चाळणीतून पूड पाडून टाका, उरलेली कच बादलीत घालून पाणी नितळ येईपर्यंत धुवा. कंटाळवाणं काम आहे, पण एकदाच करायचं असतं.

आता कुंडीच्या तळाशी खडीचा थर घालायची पद्धत. जवळजवळ प्रत्येक जण घालतो आणि ‘निचऱ्यासाठी’ असं सांगतो. प्रत्यक्षात तो थर पाणी वर अडवतो. बारीक कणांच्या मातीतून पाणी मोठ्या फटींच्या खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे ओला थर तळाशी राहायचा तो खडीच्या उंचीइतका वर सरकतो, झाडाच्या गळ्याच्या आणखी जवळ. घरी पडताळून बघायचं असेल तर भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. कुंडीतली मातीही तशीच वागते. उथळ पसरट कुंडीत ओल गळ्यापर्यंत राहते, उंच कुंडीत तीच माती, तेवढंच पाणी, आणि गळा कोरडा. म्हणून या झाडाला निदान बारा इंच खोल कुंडी द्या आणि वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा. भोकावर खापराचा तुकडा ठेवायचा तो माती वाहून जाऊ नये म्हणून, बाकी काही नाही.

खडी वापरायचीच असेल तर वर वापरा. गळ्याभोवती दोन-तीन सेंटिमीटर बारीक खडीचा कंठा घाला. पानं ओल्या मातीला टेकत नाहीत, पावसाचे थेंब माती उडवत नाहीत आणि गळ्याजवळ हवा खेळते. लावतानाही झाड कुंडीच्या मधोमध जरा उंचवट्यावर बसवा.

गच्चीवर आणखी एक भानगड असते. कुंडीचं बुड कोब्यावर किंवा चायना मोझॅकवर सपाट बसतं आणि भोक बंद होतं. वरून मिश्रण कितीही चांगलं असो, खालून बूच. तीन फरशीचे तुकडे ठेवून कुंडी बोटभर वर उचला. खालची थाळी जूनमध्ये काढून माळ्यावर टाका. आणि प्लास्टिकपेक्षा मातीची साधी कुंडी घ्या. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते.

नर्सरीतून पिशवीतलं रोप आणलं असेल तर त्याच्या मुळाभोवतीचा चिकणमातीचा गोळाही तपासा. बाहेर मोकळं मिश्रण आणि मध्ये हा गोळा, तर पाणी गोळ्यातच राहतं. लावण्याआधी बाहेरचा चिखल हलक्या हातानं सोडवा, सोटमूळ मात्र ताणू नका.

जमिनीत लावायचं असेल तर आधी हातभर खड्डा खणून पाण्यानं भरा, उतरू द्या, पुन्हा भरा. दुसरं पाणी तीन-चार तासांत उतरलं तर जागा चालेल. रात्रभर उभं राहिलं तर मुरमाचा फूटभर उंच वाफा करा किंवा नाद सोडा. सिन्नर, चांदवड, येवला पट्ट्यातल्या मुरमाड माळावर हे झाड पावसाळा काढू शकतं, कारण पाऊस कमी आणि जमीन उघडी. त्र्यंबक-इगतपुरीकडे उघड्यावर प्रयत्नही करू नका.

जुलै आहे, झाड पडायला लागलंय

पाणी बंद. कुंडी पावसाच्या छपराखाली, पण वाऱ्यावर. बंद खोलीत नेली तर ओल आणखी धरेल. काळी पानं बुडापासून कात्रीनं काढा, कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटनं पुसा. गळ्याजवळची माती सोटमूळ दिसेपर्यंत उकरा आणि त्या जागी कोरडी खडी भरा. वरचा तीन-चार सेंटिमीटर थर सुकेपर्यंत हात लावू नका.

औषधाबद्दल. कृषी सेवा केंद्रात विचारलंत तर आळवणीचा, म्हणजे औषध पाण्यात मिसळून बुडाशी ओतायचा, सल्ला मिळेल, आणि औषध चूक नसतं. पिथियम-फायटोप्थोरावर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण चालतं, कॉपर ऑक्सिक्लोराइडही लिटरला अडीच-तीन ग्रॅम वापरतात. पण आळवणी म्हणजेही पाणीच. तुडुंब कुंडीत लिटरभर औषध ओतणं हे दुखण्याला दुखणं जोडणं आहे. वरचा थर सुकल्यावर, गळ्याभोवती पेलाभर, एकदाच. सोटमूळ मऊ झालं असेल तर जगातलं कुठलंही बुरशीनाशक ते परत टणक करणार नाही. झाड उपटून कचऱ्यात टाका.

ट्रायकोडर्मा आजार आल्यावर घालायची गोष्ट नाही. ती लावणीच्या वेळी, शेणखतात मिसळून द्यायची, आणि रासायनिक बुरशीनाशकाच्या सोबत कधीच नाही, कारण ती स्वतःच एक बुरशी आहे. ट्रायकोडर्मा घालून दोन दिवसांनी कॉपरची आळवणी करणारे पैसे दोनदा खर्च करतात.

मेलेल्या झाडाची माती फेकायची नसेल तर पुढच्या मे महिन्याची वाट बघा. माती गच्चीवर चार बोटं जाडीची पसरा, ओलसर करा, पारदर्शक प्लास्टिकनं कडा दाबून झाका आणि चार ते सहा आठवडे उन्हात राहू द्या. नाशिकचा मे त्यासाठी पुरेसा तापतो. काळं प्लास्टिक नको, पारदर्शकच. ऊन आत शिरायला हवं.

पावसाळा काढण्यापेक्षा त्याला रब्बीत बसवा

माझं स्पष्ट मत सांगतो. नाशिक शहरात हे झाड पावसाळ्यातून जगवणं शक्य आहे, पण त्यासाठी छप्पर, उंच कुंडी आणि रोजची नजर लागते, आणि एवढं करून ऑक्टोबरात हाती येतं ते थकलेलं झाड. मुळात अल्पायुषी असलेल्या फुलासाठी हा खटाटोप कशाला? त्याला हरभऱ्यासारखं हंगामी धरा. त्याच्या वाळवंटातही शरद ऋतूत उगवलेली रोपं हिवाळाभर जमिनीसरशी बसून राहतात आणि वसंतात फुलतात. आपल्या रब्बीशी हे वेळापत्रक छान जुळतं.

हस्ताचा पाऊस सरला, कोजागरी झाली की बी टाका. दिवसा तिशीच्या आत-बाहेर आणि रात्री वीसच्या खाली, अशी हवा त्याला उगवायला मानवते. सोटमुळाचं झाड असल्यामुळे पुनर्लागण त्याला आवडत नाही. बी थेट मोठ्या कुंडीतच टाका, किंवा कागदाच्या छोट्या पुडीत टाकून चार-पाच पानांवर पुडीसकट लावा. बी पुरायचं नाही. त्याला उजेड लागतो, म्हणून पृष्ठभागावर भुरभुरून वर जेमतेम झाकेल एवढी बारीक वाळू. उगवेपर्यंत पिचकारीनं ओल राखा. उगवल्यावर मात्र हात आखडता घ्या, कारण रोपांची मान कोलमडते ती याच वेळी, रोज संध्याकाळी पाणी मारल्यामुळे.

डिसेंबर-जानेवारीत झाड काहीच करत नाही असं वाटतं. जमिनीला चिकटून करड्या पानांचा झुबका, बस. ते खाली सोटमूळ उतरवत असतं. निफाडचा पारा पाचाच्या खाली गेला तरी याला काही होत नाही. त्याच्या गावी रात्री शून्याखाली जातात. थंडीत पाणी दहा-बारा दिवसांनी एकदा, तेही बोट घालून बघून. धुकं आणि दव द्राक्षवाल्याची झोप उडवतात, पण सकाळचं ऊन मिळत असेल तर हे झाड ते झटकून टाकतं.

फेब्रुवारीअखेर दांडे निघतात. फूटभर उंच, जवळजवळ बिनपानाचे, टोकाला एकेकच फूल, चार-पाच सेंटिमीटर रुंद. पाकळ्यांसारखी दिसणारी किरणफुलं तीस-चाळीस आणि कधी पन्नासच्या वर. ती वाळल्यावर कागदासारखी होऊन खाली झुकतात आणि तशीच चिकटून राहतात. जुने दांडे बुडातून कापत राहिलात तर नवे येत राहतात. अवकाळी पावसानं या काळात घाबरायचं कारण नाही, निचरा असेल तर एका दिवसात सुकतं. गारांनी दांडे मोडले तर कापून टाका, पंधरवड्यात दुसरे येतात.

उंच वाढतं, लोळतं, पण फुलत नाही

ऊन कमी किंवा खत जास्त. सहा तास थेट ऊन हवं, पूर्व-पश्चिम ग्रिलमध्ये ते क्वचितच मिळतं. आणि १९:१९:१९ या विद्राव्य खताचा डबा घरात पडून आहे म्हणून दर पंधरा दिवसांनी चमचा घालायची सवय मोडा. नत्र मिळालं की हिरवी, मऊ, लांब पानं येतात आणि तीच आधी सडतात. लावणीच्या मूठभर शेणखतावर याचा हंगाम निघतो.

उगवलंय ते भलतंच

पाकिटावर डेझर्ट मेरीगोल्ड आणि आत गझानिया, कॅलेंडुला किंवा साधा झेंडू, हे सर्रास चालतं. बी बघूनच ओळखता येतं. झेंडूचं बी काळं, लांब, टोकाला गवती झुबका. कॅलेंडुलाचं वाकडं, खडबडीत. गझानियाला केसांचं आवरण असतं. डेझर्ट मेरीगोल्डचं बी फिकट, तीन-चार मिलिमीटरचं, अंगावर उभ्या रेघा, आणि डोक्यावर ना पंख ना केस. परदेशातून थेट टपालानं बी मागवू नका. त्याला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि आयात परवाना लागतो, नाहीतर कस्टममध्ये अडकतं. देशातल्या विक्रेत्याकडूनच घ्या.

उगवल्यावर गाजरगवताशीही गोंधळ होतो, कारण तेही याच कुळातलं आणि त्याचाही जमिनीसरशी झुबका बसतो. गाजरगवताची पानं हिरवी आणि बारीक कातरलेली, याची करडी, लोकरी. शंका असेल तर चार पानं येऊ द्या, मग उपटा. गाजरगवताला हातमोजे घालून.

गाजरगवतावरून आठवलं. तेही अमेरिकेतूनच आलं, १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आज बांधाबांधावर आहे. पावसाळी ट्रेकला जाताना खिशात बियांचे गोळे घेऊन डोंगरावर फेकायची हौस असते, त्यात हे बी नको. पांडवलेणी, रामशेज, अंजनेरीच्या उतारांवर सप्टेंबरात सोनकी फुलते तेवढी पुरे आहे, तीही याच कुळातली आणि आपली. शिवाय डेझर्ट मेरीगोल्ड शेळ्या-मेंढ्यांना विषारी आहे. अमेरिकेत चारा संपलेल्या कुरणांवर मेंढ्यांनी ते भरपूर खाऊन दगावल्याच्या नोंदी आहेत. कापलेले दांडे बांधावर किंवा रस्त्याकडेला टाकू नका. गावाकडे कुंड्या असतील तर शेळीच्या तोंडाला येणार नाहीत अशा ठेवा.

बी राखणं

एप्रिलअखेरीस चार-पाच चांगली फुलं कापायची थांबा. बोंड पूर्ण वाळून तपकिरी झालं, बोटांनी चुरडल्यावर फिकट बी सुटं पडलं, की तयार. दोन दिवस सावलीत सुकवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, कागदाच्या पाकिटात घाला, पाकीट घट्ट झाकणाच्या बरणीत आणि बरणी फ्रिजच्या दारात. औषधाच्या बाटलीतून निघणारी सिलिका जेलची पुडी सोबत टाका. पावसाळ्यातली दमट हवा बियाची उगवण खाते. जून लागला की जुनी झाडं उपटून मोकळे व्हा.

पावसाळ्यात कुंडी रिकामी बघवत नसेल तर त्याच जागी गलांडा लावा. तोही अमेरिकेचाच, त्याच कुळातला, पण आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या हारासाठी पिकवलेला, आणि निचरा बरा असेल तर पावसाला दाद देत नाही. फक्त स्क्लेरोशियमचे दाणे दिसलेल्या मातीत तोही नको. दसऱ्यानंतर तो काढाल तेव्हा राखलेल्या बियांतले दहा ओल्या टिश्यू पेपरवर ठेवून बघा. दोन-तीन आठवड्यांत सहा-सात फुटले तर नेहमीसारखी पेरणी करा, तीनच फुटले तर दुप्पट बी टाका.